सरहद्दीपलीकडे राहिलेली खुर्ची

मित्रांनो, मला बघून तुम्ही आधी हेच विचाराल, की ही अजून उभी कशी राहते? विचारा. मला राग येत नाही. मी घडीची खुर्ची आहे. आयुष्यातला निम्मा काळ जिला घडी घालून भिंतीला टेकवून ठेवतात, तिला राग परवडत नाही. माझा एक पाय किंचित आखूड झाला आहे. बैठकीच्या कॅनव्हासवरच्या निळ्या पट्ट्या आता फक्त कडेला उरल्या आहेत. आणि मला उघडलं की मी अशी कुरकुरते, की आतल्या खोलीतून कुणीतरी विचारतं, "कोण आलं गं?"

माझा जन्म एका गल्लीच्या टोकाला असलेल्या सुताराच्या दुकानात झाला. माझं लाकूड शाळेतल्या जुन्या बाकाचं. माझ्या डाव्या हातावर कुणा पोराने कर्कटकाने कोरलेलं अर्धं अक्षर अजून आहे. तास संपल्याची घंटा झाली असावी, म्हणून ते अर्धंच राहिलं. सुताराने ते रंध्याने घालवायला घेतलं होतं, पण मला बनवून घेणारा गृहस्थ म्हणाला, "असू द्या. माझ्या आईला शाळेत जायला मिळालं नाही. निदान बाकावर तरी बसेल."

हा गृहस्थ बसड्रायव्हर होता. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्यांच्या आईचे गुडघे गेले होते. जमिनीवर बसली तर उठता येईना, आणि उभी राहिली तर पाच मिनिटांत चेहरा पांढरा पडे. पण आजी हिंडायला मोठी हौशी! त्यामुळे जिथे जाऊ तिथे घडी घालून नेता येईल अशी खुर्ची हवी होती. ती मी.

माझी बैठक शिवली बाबांच्या बायकोने. त्या घरातच शिवणाचा क्लास चालवत. ठेंगण्या, काटक, बोलायला टोकदार. त्यांच्या जिवलग मैत्रिणीने लग्नाआधीच त्यांचं नाव टाचणी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल होतं की सासूसुद्धा कधीकधी तेच वापरत असे. टाचणीबाईंनी जाड कॅनव्हास घेतला, कडेला दुमड घालून दुहेरी टीप मारली, आणि आजी बसण्याआधी स्वतः माझ्यावर दणकन बसून पाहिलं. मी हलले नाही. "पास," त्या म्हणाल्या. मला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी.

आता त्या मैत्रिणीबद्दल सांगते, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यापाशीच जाऊन थांबते.

टाचणीबाई आणि ती तरुणपणी एका हॉस्टेलच्या एका खोलीत राहत. ही शिवण शिकत होती, ती नर्सिंग. ती उंच आणि सरळसोट. टाचणीने तिला बांबू म्हणायचं, तिने हिला टाचणी म्हणायचं. दोघींची एकच छत्री होती. ती बांबूने धरली तर टाचणी भिजायची आणि टाचणीने धरली तर बांबूच्या डोक्यात काड्या घुसायच्या. पुढे बांबूने सरहद्दीपलीकडच्या एका घड्याळजीशी लग्न केलं आणि ती तिकडच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नर्स झाली. तिथे सगळे तिला सिस्टर म्हणत. बाबाही तिला सिस्टरच म्हणत. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे टाचणीबाईंच्या मुलीवर, छोटीवर, तिचा भारी जीव.

दर उन्हाळ्यात आम्ही गाडीने तिकडे जात असू. टपावर ट्रंक, डिकीत मी, मागच्या सीटवर आजी आणि छोटी, पुढे बाबा आणि टाचणीबाई. बाबा म्हणत, "वर्षभर परक्यांना फिरवतो, सुट्टीत घरच्यांना फिरवतो. माझी सुट्टी कधी?" पण स्टिअरिंगवर बसले की त्यांचा चेहरा खुलायचा. आजी दर दहा मैलांनी विचारायची, "आली का सरहद्द?" जणू सरहद्द रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहणार होती.

सरहद्दीच्या नाक्यावर मात्र हसू आटायचं. उन्हाळ्यात तिथे गाड्यांची रांग एवढी लांब असे, की शेवटच्या माणसाला नाका दिसतही नसे. लोक इंजिन बंद करून गाड्या हाताने पुढे ढकलत. डांबर पायाखाली मऊ व्हायचं. अशा वेळी बाबा डिकी उघडून मला काढत, रस्त्याच्या कडेला, विजेच्या खांबाच्या जेमतेम सावलीत मांडत, आणि आजी माझ्यावर बसून सगळ्या रांगेचा कारभार पाहू लागे. कुणाचं बाळ रडतंय, कुणाच्या रेडिएटरमधून वाफ येतेय, कोण मध्ये घुसतोय, तिला सगळं कळे. रांगेत एखादी अवघडलेली बाई दिसली की आजी उठून म्हणे, "बैस गं पोरी, माझे गुडघे काय, कालही दुखत होते." असं माझ्यावर किती परक्या माणसांनी अंग टेकलं असेल! एकदा नाक्यावरच्या अधिकाऱ्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही कशासाठी?" टाचणीबाई म्हणाल्या, "सासूसाठी." त्याने खाली न बघताच पासपोर्टवर शिक्का मारला. "माझ्याही घरी एक पाहिजे," तो म्हणाला. खुर्ची की सासू, हे काही त्याने सांगितलं नाही.

नाका ओलांडला की दुकानांवरच्या पाट्यांची अक्षरं बदलत. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही सिस्टरच्या घरी पोचत असू. पुढे ओसरी, ओसरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी, अंगणात एकच डेरेदार झाड आणि बाजूला घड्याळजींची काम करायची खोली. तिथून अनेक घड्याळांची टिकटिक एकदम ऐकू येई. सिस्टर फाटकाबाहेर येऊन उभी असे. गाडी थांबायच्या आत टाचणीबाई दार उघडत. दोघी भेटल्या की काही बोलायच्याच नाहीत, नुसत्या एकमेकींचे दंड धरून हसायच्या. मग एकदम दोघी बोलायला लागायच्या आणि सुट्टी संपेपर्यंत थांबायच्या नाहीत. घड्याळजींच्या घरी माणसांपेक्षा एक खुर्ची कायम कमी असे. ती कमी मी भरून काढत असे. मित्रांनो, एखाद्या घरात आपल्यासाठी जागा रिकामी असणं, यापेक्षा मोठं सुख वस्तूला तरी ठाऊक नाही.

असे सात-आठ उन्हाळे गेले.

शेवटच्या उन्हाळ्यात एक गोष्ट वारंवार व्हायला लागली. बाबांचा पाय मला लागायचा. ओसरीवर मी नेहमीच्या जागी, खांबाला लागून असायची. बाबा शेजारून जाताना धडकायचे. एकदा नाही, रोज. "ही खुर्ची सारखी मध्ये मध्ये येते," ते म्हणायचे आणि सगळे हसायचे. छोटी मला खोटंखोटं दटावायची. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा घासायचा. जेवताना डाव्या हाताचा पेला ते नेमका सांडायचे. "भावजींचा गृहपाठ आहे तो," घड्याळजी म्हणायचे, "रोज एक पेला."

सिस्टर हसत नव्हती. मला ते दिसत होतं. ती बाबांकडे, ते मान कशी वळवतात त्याकडे, शांतपणे बघत असायची.

एका दुपारी सगळ्यांनी तळ्यावर जायचं ठरलं. आजी ओसरीवर माझ्यावर बसली होती. बाबा अंगणातून गाडी मागे घेत होते. शेजारच्या पोराची तीनचाकी सायकल झाडाच्या डाव्या अंगाला उभी होती. ती आजीला दिसत होती, छोटीला दिसत होती. बाबा त्या बाजूला बघूनही गाडी घेतच राहिले.

"थांबा! भावजी, थांबा!" सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडत धावली.

गाडी थांबली, पण त्याआधी सायकलचं मागचं चाक चेपलं होतं. पोर त्यावर नव्हतं. ते घरात झोपलं होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाबा उतरले, चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "कुणी ठेवली ही मध्ये?"

सायकल मध्ये नव्हती, मित्रांनो. मीही कधी मध्ये नव्हते.

सिस्टर त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने पदराला हात पुसले. "भावजी, एक गंमत करू. सरळ माझ्या नाकाकडे बघा. नाकावरून नजर हलवायची नाही."

"नाकात काय बघायचंय, सिस्टर?" बाबा हसत म्हणाले.

तिने आपला एक हात त्यांच्या कानाच्या रेषेत बाजूला धरला आणि हळूहळू पुढे आणत गेली. "माझी बोटं किती आहेत?"

"कुठली बोटं?" बाबांनी विचारलं.

 घड्याळजींच्या खोलीतली टिकटिक तेवढी ऐकू येत होती. तिचा हात तर आम्हा सगळ्यांना दिसत होता, तीन बोटं वर होती.

"काचबिंदू असेल," सिस्टर हलकेच म्हणाली. "कडेचं दिसणं आधी जातं, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. तपासून घ्या. लगेच. आणि तोवर बस चालवू नका."

बाबांचा चेहरा लाल झाला. "मी सुट्टीवर आलोय, दवाखान्यात नाही. बावीस वर्षं बस चालवतोय. एक ओरखडा नाही गाडीला."

"म्हणूनच सांगते ना."

"काय सांगता? घरी बसू? मग खायचं काय, तुमची बोटं?"

सिस्टरने मैत्रिणीकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, ही तरी आपलं ऐकेल. पण टाचणीबाई नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या होत्या. भीती वाटली की त्यांची जीभ आणखी टोकदार व्हायची. "तू हॉस्टेलमध्येही अशीच होतीस," त्या म्हणाल्या. "जिची-तिची नाडी बघत हिंडायचीस. तिथे ठीक होतं. आमच्या पोटावर पाय द्यायला तुला कुणी सांगितलं?"

इथे कुणीतरी गप्प बसायला हवं होतं. सिस्टर बसली नाही. ती म्हणाली, "ठीक आहे. उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं, की मग ये माझ्याकडे रडत."

खरं सांगते, खरी गोष्टसुद्धा अशी फेकून मारली की समोरचा ती उचलून घेत नाही, फक्त कुठे लागलं तेवढंच बघतो. टाचणीबाई आत गेल्या आणि ट्रंक भरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. निघालो म्हणते, पण मी निघाले नाही. आदल्या दिवशी छोटीने माझ्या बैठकीवर सरबत सांडलं होतं. घड्याळजींनी कॅनव्हास धुऊन मला दारामागे वाळत ठेवलं होतं. कुणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा सिस्टरला मी दिसले. तिने मला उचललं आणि पळत फाटकापर्यंत गेली. मला दोन्ही हातांनी वर धरून ती रस्त्यात उभी राहिली. गाडी कोपऱ्यावर जराशी हळू झाली. मला वाटलं, थांबली. पण ती वळणासाठी हळू झाली होती.

घड्याळजी मागून आले. "असू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नेतील."

पुढच्या वर्षी कुणी आलं नाही.

उन्हाळा आला की सिस्टर ओसरी धुऊन घ्यायची आणि मला खांबाशी मांडून ठेवायची. आठवडाभराने पुन्हा घडी घालून आत न्यायची. पहिल्या वर्षी तिने एकदा फोन केला. पलीकडे आजीने उचलला. "सगळे बरे आहेत," आजी म्हणाली. "तुम्ही?" "आम्हीही बरे आहोत." मग दोन्हीकडे नुसती खरखर. सिस्टरने फोन ठेवला आणि किती तरी वेळ हात त्यावरच ठेवून उभी राहिली. घड्याळजी म्हणाले, "आपणच जाऊ या. बस जाते रोज." तर ती म्हणाली, "मी गेले तर वाटेल, हिचं खरं झालं का ते बघायला आली. आणि समजा नसेल झालं खरं, तर कोणत्या तोंडाने जाऊ?" घड्याळजी पुन्हा आपल्या घड्याळांकडे वळले. ते भल्या स्वभावाचे होते. भली माणसं कधीकधी दुसऱ्याच्या हट्टाला फार मान देतात.

त्यांनी मला मात्र सांभाळलं. घड्याळांना तेल देताना एक थेंब माझ्या बिजागरीलाही देत. सिस्टर मला वापरत नसे आणि कुणाला वापरूही देत नसे. एकदा मीटर बघायला आलेला माणूस सहज टेकला, तर तिने त्याला दुसरी खुर्ची आणून दिली. "ती पाहुण्यांची आहे," ती म्हणाली. तो काय कमी पाहुणा होता? पण तो निमूट उठला.

माझ्यापेक्षा जास्त गंज सिस्टरला चढला. पूर्वी ती रस्त्यात बाईला थांबवून विचारायची, "तुझ्या मुलाचा डोळा तिरळा वाटतोय, दाखवलास का?" आता शेजारीण आपल्या मुलीला घेऊन ओसरीवर आली, तरी ती म्हणायची, "डॉक्टरांना विचार गं, मला काय कळतं?" आणि आत जायची. दवाखान्यातून निवृत्त झाली तेव्हा घरी आलेल्या सगळ्यांनी तिच्या हाताची स्तुती केली. कमी बोलते, सगळे म्हणाले, हा केवढा गुण! मी दारामागून ऐकत होते. मला हॉस्टेलातली ती नाडी बघत हिंडणारी मुलगी कधी पाहायला मिळाली नाही, पण त्या दिवशी तिची फार आठवण आली.

दहा-बारा उन्हाळे असे गेले. उंदराने माझ्या कॅनव्हासचा कोपरा कुरतडला. घड्याळजींना कमी ऐकू यायला लागलं. घड्याळांची टिकटिक ऐकू येत नाही, म्हणून ते यंत्रांवर बोट ठेवून बघायचे.

मग एका सकाळी फाटकासमोर अनोळखी गाडी थांबली. एक तरुण मुलगी ड्रायव्हरच्या जागेवरून उतरली, वळसा घालून पलीकडे गेली आणि एका म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून उतरवलं. सिस्टर ओसरीवर भाजी निवडत होती. ती उठली. तिने मुलीकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, आणि मग गाडीच्या मागच्या सीटकडे बघत राहिली. तिथे कुणी नव्हतं.

"मावशी," मुलगी म्हणाली, "मी छोटी."

"हो गं, ओळखलं. ती कुठाय?"

छोटीने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "सिस्टर, ती गेली. परवाच्या हिवाळ्यात. ताप आला आणि चार दिवसांत गेली. तुम्हाला कळवायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी पहिला फोन करायचा, आणि तो हे सांगायला... धीर झाला नाही."

सिस्टर खाली बसली. ओसरीच्या पायरीवर, जिथे होती तिथेच. निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र झाली. घड्याळजी आतून विचारत राहिले, "कोण आलंय? कोण आलंय?"

मग छोटीनेच आत येऊन पाणी आणलं. मला दारामागून काढून बाबांना बसायला दिलं. तिने मला उघडलं तेव्हा मी मोठ्याने कुरकुरले. घड्याळजी सोडून सगळ्यांना ते ऐकू गेलं. बाबांनी माझ्या हातावरून बोटं फिरवली आणि ते कोरलेलं अक्षर त्यांना सापडलं. "ही आहे अजून," ते म्हणाले.

त्या सकाळी मला इतक्या वर्षांचं सगळं कळलं. आजीही केव्हाच गेली होती. त्या वर्षी घरी गेल्यावर बाबा सिस्टरला खोटं पाडायला म्हणूनच डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरने त्याच दिवशी त्यांची बस थांबवली. डेपोने त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. डोळ्यांत घालायचे थेंब सुरू झाले, म्हणून समोरचं थोडंफार वाचलं. आता माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही.

"मी तेव्हा बोलले नसते, तर..." सिस्टर म्हणाली. इतकी वर्षं ती हाच प्रश्न चघळत होती.

"तर मी बस चालवत राहिलो असतो," बाबा म्हणाले. "शाळेच्या वाटेवरची गाडी होती माझी. सिस्टर, तुम्ही बोललात ते बरोबर होतं. पण मला तुमच्यासमोर येऊन 'बरोबर होतं' म्हणवेना. ती दर उन्हाळ्यात विचारायची, जायचं का? मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तीही ताणून धरायची नाही. तिला वाटायचं, मला कमीपणा वाटेल."

छोटी म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी मागच्या काचेतून तुला पाहिलं होतं. तू खुर्ची वर धरून उभी होतीस. गाडीत कुणीच बोलत नव्हतं, म्हणून मीही बोलले नाही. नाक्यावर आजीने विचारलं, माझी खुर्ची कुठाय? मग म्हणाली, राहिली वाटतं, वळव गाडी, घेऊन येऊ. तिला खुर्ची नको होती गं. तिला आम्हाला परत आणायचं होतं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी गाडी वळवली नाही. आजी अख्खी रांग गाडीला टेकून उभी राहिली. एकदाही म्हणाली नाही, की पाय दुखतात."

मित्रांनो, तेव्हा मी काय करत होते? मी दारामागे होते. कोरडी, स्वच्छ, घडी घातलेली.

जेवणं झाली. छोटी अंगणात गाडी सावलीत घ्यायला गेली. सिस्टर ओसरीतून तिच्याकडे बघत होती. छोटी मान कशी वळवते, आरशात कशी बघते, हेच ती बघत होती, हे मी ओळखलं. तिचे ओठ हलले आणि मिटले. पुन्हा हलले. काचबिंदू घराण्यात उतरतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण बोलायचं कसं? एकदा बोलून तिने मैत्रीण गमावली होती. छोटी परत येऊन पायरीवर बसली. सिस्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"छोटे, तुला राग येईल..."

"नाही येणार. सांग ना."

"तू डोळे तपासतेस का?"

छोटी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दरवर्षी, मावशी. आईने लावलेली सवय. वाढदिवस आला की आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग केक. मी कंटाळायचे. तर म्हणायची, बांबूने आपल्या घराला सांगितलंय. ती उगीच बोलत नाही."

सिस्टरने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "हे तिने मला सांगायला हवं होतं."

तेवढंच. ती रडली नाही, कुणाला दोषही दिला नाही. पण ते वाक्य ओसरीवर तसंच राहिलं, आणि त्याला उत्तर देऊ शकणारं माणूस या जगात नव्हतं.

दोन दिवसांनी ते निघाले. छोटी म्हणाली, "खुर्ची राहू दे इथेच. आम्हाला यायला निमित्त होईल." सिस्टरने मला उचलून स्वतः डिकीत ठेवलं. "ने," ती म्हणाली. "निमित्त ठेवून गेलं की माणसं निमित्ताचीच वाट बघत बसतात. तुम्ही नुसते या. आणि मीही येते." घड्याळजींना कुणीतरी हे ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "येते म्हणजे कधी? वार सांग." तिने वार सांगितला.

आणि ती आली, मित्रांनो. सांगितलेल्या वारी, बसने, पाय सुजवून आली. टाचणीबाईंच्या खोलीत शिवणयंत्रावर कापड झाकलेलं होतं. तिने ते काढलं, घडी केली आणि यंत्रासमोर नुसती बसून राहिली. छोटीने चहा आणला, तो गार झाला. दिवे लागायच्या सुमारास तिच्या तोंडून एवढंच निघालं, "टाचणे, आले गं." 

आता मी या घरात आहे. बाबा माझ्यावर बसतात. कधी अंगणातली पोरं मला पळवून नेतात आणि किल्ला करतात, त्याचंही मला काही नाही. माझी फाटकी बैठक कुणी बदलली तर आभार मानीन, नाही बदलली तरी अजून थोडे दिवस निघतील. लाकडाला वाट बघता येते. मला बारा उन्हाळे दारामागे ठेवलं, तरी तेलाच्या एका थेंबावर मी पुन्हा उघडले.

माणसांचं तसं नसतं, एवढं मी पाहिलं आहे. म्हणून लहान मित्रांनो, तुम्ही कधी गाडीत मागच्या सीटवर बसलेले असाल, पुढे मोठी माणसं गप्प असतील, आणि मागच्या काचेतून तुम्हाला कुणी रस्त्यात उभं राहिलेलं दिसलं, तर मोठ्यांना घाबरू नका. ओरडा. गाडी थांबवायला लावा.